शेतकरी उत्पादक कंपनीने सेंद्रिय कापसाच्या नोंदी वितरित खातेवहीत ठेवाव्यात का?

नमस्कार. इतर वाचकांनाही संदर्भ कळावा म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपली शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात आहे. सुमारे साडेतीनशे सभासद सेंद्रिय कापूस पिकवतात, जिनिंग-प्रेसिंग दुसऱ्याच्या मालकीचे आहे आणि रुई तमिळनाडूतील एक सूतगिरणी घेते. माल कोणत्या वावरातून आला हे दाखवण्याची अट गिरणीने घातली, त्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीने पहिल्या वर्षी सहा लाख रुपये घेऊन ब्लॉकचेन बसवून देण्याचा प्रस्ताव दिला आणि संचालक मंडळात दोन तट पडले. हे तंत्र चालते कसे, त्यातली नोंद खरोखरच बदलता येत नाही का, आणि आपण ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

मी गेली सतरा वर्षे वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत कापूस व तुरीच्या खरेदीच्या, वजनाच्या आणि चुकाऱ्याच्या नोंदींची व्यवस्था उभी करण्याचे काम करतो. त्यांपैकी तीन कामांत वितरित खातेवही, म्हणजे अनेक संगणकांवर प्रती असलेली ब्लॉकचेनसारखी वही, वापरली. एक आजही नीट चालते, एक आम्ही गरज नाही म्हणून स्वतःच थांबवले आणि एक बुडाले. त्या अनुभवावरून सांगतो की तंत्राची चर्चा करण्याआधी संचालक मंडळाने एक गोष्ट ठरवावी: आपल्या वहीवर नेमकी कोणाला शंका आहे, आणि मालाच्या प्रवासात ती कोणत्या हातापाशी उत्पन्न होते. सभासदाला काट्याची शंका असेल तर उपाय एक आहे, गिरणीला जिनिंगमधल्या भेसळीची शंका असेल तर दुसरा, आणि प्रमाणपत्राच्या खरेपणाची शंका असेल तर तिसरा.

गिरणीची शंका निराधार आहे असे समजू नका. सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेने ऑक्टोबर 2020 मध्ये जाहीर केले की भारतातील सुमारे 20 हजार टन कापूस बनावट व्यवहार प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखवण्यात आला होता. त्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोडही होता, पण तो स्कॅन केल्यावर अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ट्रेसनेट या प्रणालीची हुबेहूब नक्कल केलेले पान उघडत असे. कोड नेईल त्या पानावर विश्वास ठेवणाऱ्या खरेदीदाराला ही फसवणूक कळणे शक्यच नव्हते. तेव्हापासून खरेदीदार जी पडताळणी मागतात, ती प्रमाणपत्र देणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून नसलेली हवी असते, आणि वितरित खातेवहीचा खरा उपयोग तिथेच सुरू होतो.

आता हे तंत्र चालते कसे ते पाहू. समजा आपल्या नोंदीत दिनांक, सभासद क्रमांक, वजन 12.40 क्विंटल आणि ओलावा 9 टक्के एवढा मजकूर आहे. या मजकुरावर एसएचए-256 नावाची गणिती प्रक्रिया केली की अंक आणि अक्षरे मिळून 64 चिन्हांचा एक ठसा मिळतो, ज्याला हॅश म्हणतात. मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा, ठसा 64 चिन्हांचाच येतो. तोच मजकूर कोणत्याही संगणकावर दिला तरी ठसा तोच येतो, आणि 12.40 चे 12.41 केले तर तो सर्वस्वी वेगळा येतो. ठशावरून मूळ मजकूर उलगडता येत नाही, आणि तोच ठसा देणारा दुसरा मजकूर मुद्दाम तयार करणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

जुन्या खतावणीत पानाच्या तळाशी बेरीज करून ‘पुढे नेली’ असे लिहितात आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून तोच आकडा घेतात, हे आपल्या हिशेबनिसांना ठाऊक असेलच. ब्लॉकचेनमध्ये बेरजेच्या जागी ठसा असतो. काही नोंदींचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, बांधला जातो आणि त्याच्या माथ्यावर आधीच्या गठ्ठ्याचा ठसा लिहिला जातो. त्यामुळे दिवाळीतली एखादी नोंद कोणी संक्रांतीला बदलली तर त्या गठ्ठ्याचा ठसा बदलतो, मग पुढच्या गठ्ठ्याच्या माथ्यावरचा ठसा त्याच्याशी जुळत नाही, आणि हा बेबनाव थेट आजच्या गठ्ठ्यापर्यंत दिसत राहतो.

येथे पुष्कळांची समजूत चुकते. ही सगळी साखळी एकाच माणसाच्या संगणकावर असेल, तर तो माणूस जुनी नोंद बदलून पुढचे सगळे ठसे काही क्षणांत नव्याने काढू शकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. साखळीला अर्थ येतो तो तिच्या प्रती, किंवा निदान तिचे ठसे, वेगवेगळ्या आणि एकमेकांच्या ताब्यात नसलेल्या हातांत असतात तेव्हा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी 1991 मध्ये कागदपत्रांवर कालमुद्रा उमटवण्यासाठी अशी ठशांची साखळी सुचवली. पुढे 1995 पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राचा अंक हजारो घरांत गेला की तो आकडा बदलणे कोणाच्याच हातात राहत नाही. बिटकॉइन येण्याच्या तब्बल चौदा वर्षे आधीची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यासाठीचा माझा सल्ला तिच्याशीच जोडलेला आहे.

प्रती अनेक हातांत गेल्या की पुढचा प्रश्न येतो: नवे पान कोणी लिहायचे, आणि दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती मानायची. बिटकॉइनचा आराखडा 31 ऑक्टोबर 2008 रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याचा पहिला गठ्ठा 3 जानेवारी 2009 चा आहे. तिथे कोणीही अनोळखी माणूस सहभागी होऊ शकतो, म्हणून नवे पान लिहिण्याचा मान संगणकाकडून प्रचंड आकडेमोड करून घेऊन मिळवावा लागतो आणि सरासरी दहा मिनिटांनी एक गठ्ठा बनतो. जुने पान बदलायचे तर ती आकडेमोड पुन्हा करून बाकी सर्वांना मागे टाकावे लागते. त्यासाठी लागणारी वीज हा मोठा आक्षेप होता. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीने सप्टेंबर 2022 मध्ये ही पद्धत सोडली आणि ठेव ठेवणाऱ्यांनी पान लिहिण्याची पद्धत स्वीकारली, त्यामुळे तिचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला.

आपल्या व्यवहारात सगळे पक्ष ओळखीचे आहेत: उत्पादक कंपनी, जिनिंग, गिरणी आणि प्रमाणन संस्था. अशा ठिकाणी ठरावीक सदस्यांनाच प्रवेश देणाऱ्या खातेवह्या वापरतात. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील हायपरलेजर फॅब्रिक ही त्यांपैकी बरीच प्रचलित आहे. तिच्यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी सोय म्हणजे ठरलेल्या दोन पक्षांच्या डिजिटल सह्या असल्याशिवाय नोंद ग्राह्यच न धरण्याचा नियम लावता येतो. आपण 12.40 क्विंटल पाठवले असे आपण म्हणायचे आणि तेवढेच मिळाले असे जिनिंगने म्हणायचे, तेव्हाच ती नोंद बसते. प्रस्ताव देणाऱ्या कंपनीला आणखी एक तांत्रिक प्रश्न अवश्य विचारा: नोंदींचा क्रम ठरवणारे संगणक नुसते बंद पडण्याची सोय धरली आहे, की त्यांतला एखादा खोटे बोलण्याचीही? राफ्ट नावाच्या पद्धतीत पाचांपैकी दोन संगणक बंद पडले तरी काम चालते, पण त्यात सगळे प्रामाणिक आहेत असे गृहीत असते. एकाने लबाडी केली तरी इतरांचे एकमत टिकायला हवे असेल, तर किमान चार लागतात, हे लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीस यांनी 1982 च्या सुमारास सिद्ध केले आहे. बिघाड आणि लबाडी या वेगळ्या गोष्टी आहेत आणि माहितीपत्रकांत त्या सर्रास एकत्र केल्या जातात.

‘नोंद बदलता येत नाही’ याचा व्यवहारातला अर्थ मला एका डिसेंबरच्या संध्याकाळी नीट कळला. संकलन केंद्राच्या टिनाच्या शेडमध्ये शेवटची बंडी काट्यावर होती, वीज गेलेली होती आणि काट्यावरचा मुलगा मोबाइलच्या उजेडात आकडा भरत होता. कार्बन लावलेल्या काटापावतीवर त्याने 12.40 लिहिले आणि मोबाइलमध्ये 14.20 भरले. वीज आल्यावर नोंद साखळीत गेली. तिसऱ्या दिवशी चुकारा जास्त निघाला, तेव्हा त्या सभासदाने स्वतः येऊन सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली पावती काढली आणि फरक दाखवला. चूक खोडता येत नव्हती. आम्हाला जमाखर्चात करतात तशी 14.20 ची उलट नोंद आणि 12.40 ची नवी नोंद करावी लागली. आज कोणीही ती साखळी उघडली तर चूक, तिची दुरुस्ती आणि दुरुस्ती करणाऱ्याची सही ही तिन्ही दिसतात, आणि लेखापरीक्षकाला तेच हवे असते. पण या प्रसंगातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे: चूक पकडली ती कागदी पावतीने. साखळीने 14.20 हा चुकीचा आकडा तितक्याच निष्ठेने जपून ठेवला होता.

म्हणून काट्याकडे आधी लक्ष द्या, असे मी प्रत्येक कंपनीला सांगतो. आकडा काट्यावरून थेट यंत्रात उतरला पाहिजे, पावती तिथेच छापली जाऊन सभासदाच्या हातात पडली पाहिजे, आणि काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून वेळेवर झालेली असली पाहिजे. त्यापुढची अडचण जिनिंगमध्ये आहे. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते आणि एक गाठ 170 किलोची असते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. गंजीत वीस जणांचा कापूस एकत्र पडल्यावर ती गाठ अमक्याच वावरातली आहे असे कोणतीही खातेवही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. फार तर ती या वीस सभासदांच्या मालातून, या तारखेला, या पाळीत बनली असे सांगता येते. त्यासाठीसुद्धा सेंद्रिय मालाची पाळी वेगळी चालवणे आणि आधी यंत्रे साफ करून घेणे हे माणसांनीच करायचे असते. बीटी बियाण्याची भेसळ तर प्रयोगशाळेतील तपासणीतच कळते.

मग खातेवही काय करते? ती बेरीज-वजाबाकी सर्वांसमोर ठेवते, आणि माझ्या मते ही तिची खरी किंमत आहे. बिटकॉइनने सोडवलेला मूळ प्रश्न असा होता की एकच नाणे दोनदा कसे खर्चू द्यायचे नाही. सेंद्रिय कापसातली लबाडी बहुतेक वेळा तशीच असते: शंभर क्विंटलच्या प्रमाणपत्रावर दोन ठिकाणी शंभर-शंभर क्विंटल विकायचे. सभासदाचे क्षेत्र, त्यातून अपेक्षित उतारा, कंपनीची खरेदी, जिनिंगची रुई आणि सरकी, गिरणीकडे पोहोचलेल्या गाठी हे सगळे आकडे एकाच वहीत, आपापल्या सह्यांनी बसले, तर शंभर क्विंटलमधून 35 क्विंटलहून बरीच जास्त रुई दाखवली तर ती लपत नाही. आज हे आकडे पाच ठिकाणच्या पाच वह्यांत असतात, आणि त्या जुळवायला कोणी बसेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: साखळी लिहिलेली नोंद जपते, अनेक हातांतल्या प्रती त्या जपणुकीला बळ देतात, आणि आत जाणारा आकडा खरा असण्याची जबाबदारी काट्यावर आणि माणसांवर राहते.

‘अनेक हात’ या शब्दांवर मी भर देतो, कारण माझे बुडालेले काम त्यामुळेच बुडाले. तुरीच्या त्या प्रकल्पात चार संस्थांचे चार संगणक आहेत असे आराखड्यात दाखवले होते. प्रत्यक्षात चारही एका सॉफ्टवेअर कंपनीच्या एकाच क्लाउड खात्यावर होते आणि चारही संस्थांच्या सह्यांच्या किल्ल्या, म्हणजे डिजिटल सही करायचे गुप्त संकेत, तिच्याकडेच होत्या. मी सल्लागार असूनही किल्ल्या कोणाकडे आहेत हे वेळेत विचारले नाही. ती माझी चूक होती आणि तिची किंमत सभासदांनी मोजली. दुसऱ्या हंगामानंतर त्या कंपनीने ते काम सोडले, खाते बंद झाले आणि चारही प्रती एका दिवसात गेल्या. हिशेबनीस बाई दर शनिवारी सगळ्या नोंदींची छापील प्रत काढून फाइलला लावत, तिच्यावरून आम्ही चुकारे पूर्ण केले.

मोठ्या प्रकल्पांनाही सहभागाची अडचण सुटलेली नाही. मर्स्क आणि आयबीएम यांनी जहाज वाहतुकीसाठी उभारलेली ट्रेडलेन्स ही खातेवही बंद करत असल्याचे नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झाले. संपूर्ण उद्योगाचा सहभाग मिळू शकला नाही, हे कारण त्यांनीच दिले होते. आपल्या बाबतीत याचा अर्थ असा की जिनिंगवाला आणि गिरणी स्वतःची प्रत ठेवायला आणि स्वतःची सही करायला लेखी तयार नसतील, तर सहा लाखांतून आपल्याला एक महाग पण साधा डेटाबेस मिळेल.

सगळ्यांचा विश्वास असलेली एक मध्यवर्ती संस्था असेल तर वितरित वहीची गरजच उरत नाही, हेही लक्षात घ्या. गोदामातल्या मालावर कर्ज मिळवून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गोदाम पावत्या 2017 पासून नियामकाच्या देखरेखीखालील दोन मध्यवर्ती भांडारांत नोंदवल्या जातात, आणि त्या व्यवस्थेला ब्लॉकचेनवाचून चालते. याउलट आपल्याच विदर्भात, गडचिरोलीतील एटापल्ली उपविभागात 2022 मध्ये सुमारे 65 हजार जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर नोंदवण्याचे काम हाती घेण्यात आले, ते मला योग्य वाटते. तिथे लिहिणारा हात एकच आहे, पण प्रमाणपत्र तपासणारी महाविद्यालये आणि कार्यालये शेकडो आहेत, आणि त्यांना मूळ कार्यालयाला पत्र पाठवून महिनोन् महिने वाट पाहावी लागू नये, हा हेतू आहे. कापसातही भारतीय कापूस महामंडळ आणि ‘कस्तुरी कॉटन भारत’ या उपक्रमात गाठींवर क्यूआर कोड लावून त्यामागे ब्लॉकचेन वापरतात. आपला जिनिंगवाला त्यात आधीच सहभागी असेल तर वेगळी साखळी उभारण्यापूर्वी त्याच्याकडे चौकशी करा.

आता माझा सल्ला. या हंगामात सहा लाख खर्च करू नका. काटा, छापील पावती आणि जिनिंगशी पाळीचा लेखी करार एवढे करा. त्यासोबत हेबर आणि स्टॉर्नेटा यांची युक्ती वापरा. दररोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सर्व पावत्यांचा एकत्रित ठसा काढा, त्यात आदल्या दिवशीचा ठसा गुंफा, आणि ती 64 चिन्हे गिरणीला, प्रमाणन संस्थेला व सर्व संचालकांना पाठवा. ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. ठसे झाडाच्या फांद्यांसारखे दोन-दोन जोडत नेले, तर 1,024 पावत्यांतली आपली पावती त्यात आहे हे सिद्ध करायला सभासदाला इतर फक्त दहा ठसे पुरतात, बाकी कोणाचा आकडा उघड करावा लागत नाही. हे काम कोणताही चांगला संगणक अभियंता आठवडाभरात करून देईल, आणि जुनी नोंद गुपचूप बदलण्याची शंका बहुतांशी तेवढ्यानेच मिटते.

एक काळजी मात्र आजपासूनच घ्या. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, बँक खाते यांतले काहीही साखळीत टाकू नका. तिथून ते काढता येत नाही, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. नुसता मोबाइल क्रमांकाचा ठसा टाकला तरी सुरक्षित नाही, कारण दहा आकडी क्रमांक मोजकेच असतात आणि साधा संगणकही ते सगळे क्रमाने तपासून मूळ क्रमांक शोधू शकतो. ठसा काढण्यापूर्वी प्रत्येक नोंदीत एक लांब यादृच्छिक संख्या मिसळावी लागते, आणि ती संख्या कंपनीने आपल्यापाशी जपावी लागते.

गिरणीने पुढच्या हंगामासाठीही आग्रह धरला, तर त्यांनाच विचारा की ते स्वतःची प्रत चालवतील का, खर्चाचा वाटा उचलतील का, आणि या नोंदींमुळे दरात क्विंटलमागे किती वाढ देतील. सेंद्रिय कापसाला मिळणारा जादा दर प्रमाणपत्रामुळे मिळतो, साखळीमुळे आपोआप काही मिळत नाही, म्हणून ही बोलणी करार होण्याआधीच व्हायला हवीत. उत्तरे होकारार्थी आली तर वितरित खातेवही जरूर घ्या, मात्र सह्यांच्या किल्ल्या आपल्याकडे राहतील आणि सर्व नोंदी केव्हाही साध्या स्वरूपात उतरवून घेता येतील, ही दोन कलमे करारात घाला. आपला कापूस साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीला येतो. तोपर्यंत काट्याची पडताळणी आणि पावतीच्या छपाईची चाचणी एका संकलन केंद्रावर घेऊन पाहा. जिनिंगशी करायच्या कराराचा मसुदा इथे टाकलात तर मी तो वाचून सूचना देईन.